केसेस जास्त तर मृत्यू कमी? हे आकड्यांनी तपासायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका राज्याच्या आरोग्य विमा योजनेतले व्हिपल शस्त्रक्रियेचे (स्वादुपिंडाचं डोकं काढण्याच्या ऑपरेशनचे) काही वर्षांचे क्लेम हाताशी आहेत. प्रत्येक रुग्णालयात वर्षाला किती केसेस होतात ते काढून रुग्णालयांचे कमी, मध्यम आणि जास्त असे तीन गट केले. लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (अनेक घटकांवरून मृत्यूची शक्यता काढणाऱ्या मॉडेलमध्ये) वय, लिंग, मधुमेह वगैरे घातलं. जास्त केसेसच्या गटात मृत्यू स्पष्टपणे कमी दिसतात, पी-व्हॅल्यू (नातं मुळीच नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) ०.००१. एवढं प्रबंधाला पुरेल का, आणि त्यावरून 'वर्षाला किमान इतक्या केसेस हव्यात' अशी शिफारस करता येईल का?

एवढ्यावर नाही. व्हिपलच्या बाबतीत हे नातं खरं आहे याबद्दल मला फारशी शंका नाही. बरीच वर्षं निरनिराळ्या देशांच्या माहितीत ते दिसत आलंय. पण या पद्धतीतून आलेली पी-व्हॅल्यू आणि तिच्यातून निघणारी किमान केसेसची रेषा, दोन्हींवर मी सही करणार नाही. कारण मुळात एकच आहे आणि बाकीचं बरंचसं त्यातूनच निघतं. केसेसची संख्या हा रुग्णालयाचा गुणधर्म आहे. फाइलमध्ये दोन हजार ओळी असल्या तरी त्या रकान्यापुरती तुमच्याकडे जेवढी रुग्णालयं आहेत तेवढीच निरीक्षणं आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९७९ मध्ये हॅरल्ड लफ्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १,४९८ रुग्णालयांमधल्या बारा प्रकारच्या शस्त्रक्रिया तपासल्या. ओपन हार्ट, रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया अशा काही प्रकारांत वर्षाला २०० किंवा जास्त ऑपरेशनं करणाऱ्या रुग्णालयांचा मृत्युदर, रुग्णांच्या अवस्थेतला फरक धरूनही, २५ ते ४१ टक्क्यांनी कमी निघाला. २००२ मध्ये जॉन बर्कमायर यांच्या गटाने मेडिकेअरच्या (अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेच्या) सुमारे २५ लाख शस्त्रक्रिया घेतल्या, प्रकार चौदा. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेत सर्वांत कमी केसेसच्या रुग्णालयांत मृत्युदर १६.३ टक्के, सर्वांत जास्त केसेसच्या ठिकाणी ३.८ टक्के. मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या शस्त्रक्रियेत मात्र १.७ आणि १.५. एकाच माहितीत, एकाच पद्धतीने, एका ऑपरेशनला बारा टक्क्यांहून जास्त फरक आणि दुसऱ्याला नाममात्र. म्हणून 'मोठ्या शस्त्रक्रिया' असा एकच गठ्ठा करू नका. तुम्ही फक्त व्हिपल घेतलंय हे चांगलं केलंत.

आता पी-व्हॅल्यूकडे येऊ. एकाच रुग्णालयातल्या रुग्णांना तेच भूलतज्ज्ञ, तोच आयसीयू, तीच रक्तपेढी, रात्रपाळीच्या त्याच सिस्टर मिळतात. त्यामुळे त्यांचे निकाल एकमेकांशी थोडे जोडलेले असतात. साधं लॉजिस्टिक रिग्रेशन प्रत्येक रुग्ण सुटा धरतं. समजा रुग्ण २,०००, रुग्णालयं ४०, म्हणजे सरासरी ५०, आणि रुग्णालयांतर्गत सहसंबंध फक्त ०.०२. डिझाइन इफेक्ट, म्हणजे या जोडलेपणामुळे नमुन्याची किंमत किती पटीने घटते तो आकडा, १ + (५० − १) × ०.०२, म्हणजे १.९८. दोन हजार रुग्णांची किंमत हजारावर आली. पण हे सूत्र सगळी रुग्णालयं सारख्या आकाराची मानतं, आणि आपल्या अभ्यासात ती सारखी नसणं हाच विषय आहे. रुग्णसंख्येचं प्रमाणित विचलन सरासरीएवढं असेल (व्हिपलमध्ये ते सहज असतं) तर कंसातल्या ५०च्या जागी १०० येतात आणि डिझाइन इफेक्ट २.९८ होतो. स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) त्याच्या वर्गमूळाएवढी, म्हणजे सुमारे १.७३ पट होते. पी-व्हॅल्यू ०.००१ म्हणजे झेड (गुणांक भागिले स्टँडर्ड एरर) साधारण ३.२९, तिला १.७३ने भागलं की १.९, आणि पी-व्हॅल्यू ०.०५७. गुणांक जागचा हलला नाही, पण खात्री गेली. हा हिशेब ढोबळ आहे, खरा आकडा मॉडेल चालवूनच कळेल. दिशा मात्र हीच असते. २००३ मध्ये पानाजीस आणि सहकाऱ्यांनी, २००५ मध्ये अर्बाख आणि ऑस्टिन यांनी खऱ्या माहितीवर हे दाखवून दिलं, तरी असे निबंध अजून माझ्याकडे परीक्षणाला येतात.

उपाय दोन. पहिला बहुस्तरीय मॉडेल: रुग्ण खालच्या स्तरावर, रुग्णालय वरच्या, आणि रुग्णालयाला रँडम इंटरसेप्ट, म्हणजे प्रत्येक रुग्णालयाची मूळ जोखीम थोडी वेगळी धरायची. दुसरा जीईई (जनरलाइज्ड एस्टिमेटिंग इक्वेशन्स), ज्यात एका रुग्णालयातल्या रुग्णांचं जोडलेपण धरून सरासरी परिणाम काढतात. दोघांतले ऑड्स रेशो (दोन गटांतल्या मृत्यूच्या 'ऑड्स'चं, म्हणजे मृत विरुद्ध जिवंत या प्रमाणाचं, गुणोत्तर) तंतोतंत जुळणार नाहीत; पहिला विशिष्ट रुग्णालयातल्या रुग्णाबद्दल बोलतो, दुसरा सगळ्या रुग्णसमूहाच्या सरासरीबद्दल. धोरणाचा प्रश्न असेल तर दुसऱ्या प्रकारचं उत्तर लागतं, पण ते बहुस्तरीय मॉडेलमधूनही काढता येतं. मी शक्यतो बहुस्तरीयच वापरते, कारण त्यातून रुग्णालयांमधला शिल्लक फरक मोजता येतो. आधी केसेस न घालता तो फरक काढा, मग घालून काढा. केसेस घातल्यावर तो थोडासाच कमी झाला तर त्याचा अर्थ गंभीर आहे: सरासरीने नातं असेल, पण एखाद्या रुग्णालयाच्या केसेस पाहून ते चांगलं की वाईट हे ओळखता येणार नाही. बहुतेक निबंधांत हा आकडा छापलेलाच नसतो आणि शिफारशीसाठी नेमका तोच लागतो. जीईई वापरणार असाल तर रुग्णालयं चाळीसच्या आसपास किंवा कमी असताना त्यातली सँडविच स्टँडर्ड एरर (जोडलेपण धरून काढलेली स्टँडर्ड एरर) खोटी लहान येते. लहान नमुन्याची दुरुस्ती लावा.

लहान रुग्णालयांच्या आकड्यांशी फार जपून वागावं लागतं. एखाद्या जिल्ह्याच्या रुग्णालयात बारा व्हिपल झाली आणि एकही मृत्यू नाही. ते चांगलं आहे का? खरा मृत्युदर १० टक्के असता तरी बारापैकी बारा वाचण्याची शक्यता ०.९चा बारावा घात, म्हणजे २८ टक्के. त्याच रुग्णालयात दोन किंवा जास्त मृत्यू होण्याची शक्यता ३४ टक्के, आणि तेव्हा तक्त्यात त्याचा मृत्युदर १७ टक्क्यांच्या वर किंवा जवळपास दिसेल. तेच शल्यविशारद, तेच थिएटर, आणि नशिबाने एकदा शाबासकी, एकदा नोटीस. बारा केसेसमध्ये शून्य मृत्यू असताना खऱ्या दराची वरची मर्यादा २२ टक्क्यांपर्यंत जाते. दोनशे केसेसच्या रुग्णालयात तोच १० टक्के दर साधारण ६ ते १४च्या पट्ट्यात राहतो. म्हणून रुग्णालयांची क्रमवार यादी करू नका. फनेल प्लॉट काढा: आडव्या अक्षावर केसेस, उभ्यावर जोखीम-समायोजित (रुग्णांच्या अवस्थेतला फरक धरलेला) मृत्युदर, भोवती ९५ आणि ९९.८ टक्क्यांच्या मर्यादा. डेव्हिड स्पीगलहॉल्टर यांनी २००५ मध्ये या आलेखाची संख्याशास्त्रीय बाजू नीट मांडली. त्याआधी ब्रिस्टलच्या लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांच्या चौकशीत त्यांनी काम केलं होतं, जिथे जास्तीचे मृत्यू अनेक वर्षं आकड्यांत असूनही त्यांची वेळीच दखल घेतली गेली नव्हती.

यातच एक खाच आहे. बहुस्तरीय मॉडेल लहान रुग्णालयाचा अंदाज सरासरीकडे ओढतं, आणि बारा केसेसवर कोणाला दोषी ठरवायचं नसेल तर ते योग्यच आहे. पण कुठल्या सरासरीकडे? मॉडेलमध्ये केसेसची संख्या नसेल तर सगळ्यांच्या एकाच सरासरीकडे, म्हणजे लहान रुग्णालयं आपोआप 'सर्वसाधारण' ठरतात आणि जे नातं शोधायचं तेच पुसलं जातं. अमेरिकेतल्या हॉस्पिटल कम्पेअर या रुग्णालयांची तुलना देणाऱ्या सरकारी संकेतस्थळाच्या हार्ट अटॅकच्या मॉडेलवर सिल्बर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हाच आक्षेप घेतला होता. केसेसची संख्या मॉडेलमध्ये ठेवा, म्हणजे लहान रुग्णालय आपल्यासारख्या लहान रुग्णालयांच्या सरासरीकडे ओढलं जाईल.

कमी-मध्यम-जास्त हे तीन गट सोडून द्या. सीमा कुठून आल्या? माहिती पाहून, जिथे फरक ठळक दिसतो तिथे कापलं असेल तर पी-व्हॅल्यूला अर्थच उरत नाही. दहा जागी कापून सर्वांत चांगली जागा निवडणं म्हणजे दहा चाचण्या करून एकच सांगणं. तृतीयांश घेतले असतील तर ते रुग्णालयांचे की रुग्णांचे, यावरही निकाल बदलतो. संख्या सलगच ठेवा. लॉग घेतला तर 'केसेस दुप्पट झाल्या की जोखीम इतकी कमी' असं सरळ वाचता येतं. वक्र सरळ नसेल असं वाटत असेल तर तीन-चार गाठींचा रिस्ट्रिक्टेड क्युबिक स्प्लाइन (तुकडे गुळगुळीत जोडून केलेला लवचीक वक्र) घ्या. आणि वक्राच्या उजव्या टोकाकडे नीट पाहा. महाराष्ट्रासारख्या राज्यात या शस्त्रक्रियेसाठी परळच्या टाटा मेमोरियलसारखं एखादंच अतिविशाल केंद्र असतं. त्या टोकाला एकटंच रुग्णालय असेल तर 'केसेस जास्त असण्याचा परिणाम' आणि 'त्या एका संस्थेचा परिणाम' रुग्णालयांच्या आपसातल्या तुलनेतून वेगळे करता येत नाहीत. सर्वांत मोठं रुग्णालय वगळून मॉडेल पुन्हा चालवा, मग दुसरं मोठं वगळून. वक्र सपाट झाला तर तसं प्रबंधात लिहा.

'वर्षाला केसेस' तुम्ही मोजल्यात कशा, हे विचारणं भाग आहे. योजनेच्या क्लेममध्ये योजनेचेच रुग्ण असतात. एखादं अंगीकृत रुग्णालय वर्षाला साठ व्हिपल करतं, पण त्यातले पंचावन्न रोख किंवा खासगी विम्याचे. तुमच्या फाइलमध्ये ते पाच केसेसचं लहान रुग्णालय म्हणून बसलंय. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात उलट, योजनेचेच रुग्ण जास्त. म्हणजे चूक सगळीकडे सारखी नाही, रुग्णालयाच्या मालकीप्रमाणे बदलते, आणि अशी चूक निकाल कुठल्याही दिशेला ओढू शकते. 'मोजमापातल्या चुकीने परिणाम फक्त कमीच दिसतो' हे वाक्य प्रबंधात चिकटवू नका. महात्मा फुले योजना असो किंवा दुसरी कुठली, शक्य तिथे रुग्णालयांकडून थिएटर रजिस्टरचे एकूण आकडे मागा. सगळे देणार नाहीत. पंधरांनी दिले तरी त्या पंधरांवरून चूक केवढी आहे याचा अंदाज येतो आणि तो विश्लेषणात वापरता येतो.

शिवाय संपूर्ण अभ्यासकाळाची सरासरी घेतली असेल तर २०१९च्या रुग्णाच्या निकालाचं कारण म्हणून तुम्ही २०२२च्या केसेसही मोजताय. प्रत्येक रुग्णासाठी त्याच्या ऑपरेशनच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांतल्या केसेस मोजा. पहिलं वर्ष हातचं जाईल, जाऊ द्या. मग ही संख्या दोन भागांत तोडा: त्या रुग्णालयाची दीर्घकालीन सरासरी, आणि त्या वेळी सरासरीपासून असलेलं अंतर. पहिला भाग रुग्णालयांची एकमेकांशी तुलना करतो, दुसरा तेच रुग्णालय केसेस वाढल्यावर सुधारलं का हे विचारतो. लफ्ट यांनीच १९८७ मध्ये हा पेच नीट मांडला होता: सरावाने हात बसतो म्हणून निकाल चांगले, की निकाल चांगले म्हणून डॉक्टर तिकडेच रुग्ण पाठवतात? पहिल्या भागात नातं ठळक आणि दुसऱ्यात काहीच नाही असं आलं तर फक्त केसेस वाढवून रुग्णालय सुधारेल असं म्हणता येत नाही.

शल्यविशारदाच्या केसेस वेगळ्या काढता आल्या तर काढाच. बर्कमायर यांच्या २००३च्या अभ्यासात रुग्णालयाच्या केसेसच्या परिणामातला जो वाटा शल्यविशारदाच्या केसेसने स्पष्ट होत होता, तो महाधमनीच्या झडपेच्या शस्त्रक्रियेत १०० टक्के, स्वादुपिंडाच्या ५५ टक्के आणि फुप्फुसाच्या २४ टक्के होता. आपल्याकडे एकच सर्जन सकाळी एका रुग्णालयात आणि दुपारी दुसऱ्या गावात ऑपरेशन करतो, त्यामुळे सर्जन रुग्णालयाच्या आत बसत नाही. क्रॉस-क्लासिफाइड मॉडेल लागतं, ज्यात एक सर्जन अनेक रुग्णालयांत असू शकतो. क्लेमवर ज्यांचं नाव आहे त्यांनीच ऑपरेशन केलं का, हेही काही फायली काढून तपासा.

आता मृत्यू. माझ्या मते भारतातल्या माहितीत सर्वांत मोठं भोक इथे आहे. तुम्ही 'रुग्णालयातला मृत्यू' हा निकाल घेतलाय. व्हिपलनंतर आठव्या-दहाव्या दिवशी जोड गळतो, जंतुसंसर्ग पसरतो, रुग्ण व्हेंटिलेटरवर जातो. डॉक्टर सांगतात की आशा कमी आहे. नातेवाईक सही करतात आणि घरी नेतात. क्लेममध्ये लिहिलं जातं 'डामा', म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. मृत्यू दोन दिवसांनी गावात होतो आणि तुमच्या फाइलमध्ये तो रुग्ण जिवंत आहे. डामाचं प्रमाण सगळीकडे सारखं असतं तर एकवेळ चाललं असतं, पण ते रुग्णालयाप्रमाणे बदलतं: रुग्णाचं गाव किती लांब, पॅकेजची रक्कम संपल्यावरचा खर्च कोण करणार, यावर ते ठरतं. दुसरा प्रकार 'रेफर'चा. लहान रुग्णालयात ऑपरेशन, गुंतागुंत झाल्यावर मोठ्याकडे रवानगी, मृत्यू मोठ्याच्या खात्यात. निकाल नेहमी जिथे पहिलं ऑपरेशन झालं त्या रुग्णालयाच्या नावावर टाका. डामाचे सगळे रुग्ण मृत धरून एकदा आणि जिवंत धरून एकदा मॉडेल चालवा, दोन्ही निकाल छापा. नमुना म्हणून डामाच्या काही कुटुंबांना, नैतिकता समितीची परवानगी घेऊन, फोन करता आला तर ते काम उरलेल्या सगळ्या विश्लेषणापेक्षा मोलाचं ठरेल. ३० किंवा ९० दिवसांचा मृत्यू मिळवण्याचा प्रयत्न करा. व्हिपलमध्ये उशिराचे मृत्यू बरेच असतात.

जोखीम-समायोजनाबद्दल थोडक्यात. दाखल होताना असलेला आजार आणि ऑपरेशननंतर झालेली गुंतागुंत क्लेमच्या कोडमध्ये मिसळलेली असतात. गुंतागुंत समायोजनात घालू नका. लहान रुग्णालयात मृत्यू जास्त होण्याचा रस्ता बहुधा तिथूनच जातो. घफेरी आणि सहकाऱ्यांच्या २००९च्या अभ्यासात सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी मृत्युदराच्या रुग्णालयांत गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास सारखं होतं, २४.६ आणि २६.९ टक्के. फरक होता तो मोठी गुंतागुंत झालेल्या रुग्णाला वाचवण्यात: तिथे मृत्यू २१.४ टक्के विरुद्ध १२.५. म्हणून गुंतागुंत आणि गुंतागुंतीनंतरचा मृत्यू हे दोन वेगळे निकाल म्हणून दाखवा. एखाद्या जिल्ह्याला नवा सर्जन हवा की रात्रीचा रेडिओलॉजिस्ट आणि आयसीयू हवा, हे त्यातूनच कळतं.

तुमचे मार्गदर्शक 'इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणून अंतर घ्या' असं म्हणण्याची शक्यता आहे, म्हणजे रुग्ण कुठल्या रुग्णालयात जातो हे ठरवणारा, पण त्याच्या प्रकृतीशी संबंध नसलेला घटक म्हणून अंतर वापरायचं. कल्पना चांगली आहे, १९९४ मध्ये मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकच्या रुग्णांवर ती वापरली तेव्हापासून रूढ आहे. पण तिची अट अशी की मोठ्या केंद्रापासूनच्या अंतराचा निकालावर दुसऱ्या कुठल्याही वाटेने परिणाम होऊ नये. गडचिरोलीचा रुग्ण मुंबईपासून लांब आहे, आणि त्याचबरोबर त्याचं निदान उशिरा होतं, हिमोग्लोबिन कमी असतं, कावीळ महिनाभर अंगावर काढलेली असते. इथे ती अट टिकत नाही. एखादं केंद्र बंद पडलं किंवा योजनेतून बाहेर गेलं आणि तिथले रुग्ण दुसरीकडे वळले, तर त्या बदलाआधी आणि नंतरची तुलना जास्त विश्वासाची.

राहिली शिफारस. जर्मनीने २००४ पासून किमान संख्येचा नियम केला. गुडघ्याच्या सांध्यासाठी वर्षाला ५०, आणि अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेची मर्यादा पुढे १० वरून २६ केली. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया कमी केंद्रांत एकवटत गेल्या तसा २००४ ते २००९ दरम्यान देशभरातला मृत्युदर ९.८ वरून ५.१ टक्क्यांवर आला. पण हे लहान अंतरांचे, चांगल्या रस्त्यांचे देश आहेत, आणि वक्रात बहुधा कुठेही पायरी नसते; रेषा कुठे आखायची हे संख्याशास्त्र ठरवत नाही. तुम्ही एवढं करू शकता: १०, २०, ३० अशा वेगवेगळ्या रेषा धरून प्रत्येक रेषेला किती रुग्णालयं थांबतील, शंभर रुग्णांमागे किती मृत्यू टळतील (ऑड्स रेशो नको, थेट टक्के द्या, विश्वास-अंतरासह), आणि किती रुग्णांना किती किलोमीटर जास्त जावं लागेल, असा तक्ता. क्लेममध्ये रुग्णाचा तालुका असेल तर अंतर काढणं अवघड नाही. सोबतच्या माणसाची मजुरी बुडते आणि मुक्काम करावा लागतो, तो खर्चही धरा. फिनलेसन यांच्या १९९९च्या अभ्यासात अमेरिकेतल्या शंभर रुग्णांना स्वादुपिंडाच्याच शस्त्रक्रियेबद्दल विचारलं होतं: दूरच्या केंद्रात मृत्यूचा धोका ३ टक्के, जवळच्या रुग्णालयात ६ टक्के, तर कुठे जाल? ४५ जणांनी जवळचं निवडलं. तुमच्या योजनेतल्या रुग्णांना हाच प्रश्न विचारून पाहा; आरोग्यमित्रांच्या (रुग्णालयात योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या) मदतीने तो विचारता येईल, आणि त्याचं उत्तर शिफारशीच्या तक्त्यात एक रकाना म्हणून बसेल.